चढणीचे मासे : पकडीची रीत आणि सोबत मरणारा जीव

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी शेतीविद्या शिकविणारा माणूस. माझ्याकडून भाताचे वाण, रोपवाटिका आणि खताच्या मात्रा ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज मात्र खाचरात आपण न पेरलेल्या, तरीही दरवर्षी येणाऱ्या एका पिकाविषयी बोलणार आहे. मृगाचा पाऊस लागला, ओढ्याला गढूळ लोंढा आला की खालच्या कोंडीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. कुठे यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे म्हणतात. शिंगटी, मरळ, मळ्या, खवली. नावे गावागणिक बदलतात, चढण तीच.

हे मासे वर कशासाठी येतात, हे आधी लक्षात घ्यावे. ते खाण्यासाठी नव्हे, अंडी घालण्यासाठी येतात. खाचरातले पाणी उथळ, ऊबदार आणि संथ असते. त्यात सूक्ष्म जीवांची वाढ भरपूर होते आणि पिलांना ते आयते अन्न मिळते. भाद्रपदानंतर पाणी उतरू लागले की वाढलेली पिले पुन्हा ओढ्यात, नदीत जातात. म्हणजे आपले खाचर हे भाताचे शेत तसेच माशांची रोपवाटिका. आणि आपण मासे धरतो ते नेमके रोपवाटिकेच्या दारात, पोटात अंडी असताना.

लहानपणी पहिल्या पावसाच्या रात्री गॅसबत्ती, टोपली आणि कोयता घेऊन मोठ्यांच्या मागे मीही गेलो आहे. ती मजा मी विसरलेलो नाही, त्यामुळे मासे धरूच नका असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एक आठवण टोचते. ओढ्यावर आडवा बांध घालून मधल्या मोकळीत बांबूच्या कामट्यांचा सापळा रात्रभर लावलेला असे. सकाळी तो उपसला की वर दहा-वीस खाण्याजोगे मासे, आणि खाली बोटभर पिले, खेकडे, एखादे दिवड, कधी कासव, असा चेपून मेलेला थर निघे. खाण्याजोगे घरी जात. बाकीचे माडाच्या आळ्यात. तेव्हा ते खत वाटे. आज त्या ओढ्याला चढण नावापुरती उरली आहे.

नको असताना जाळ्यात येणाऱ्या या जीवांना मत्स्यशास्त्रात 'बायकॅच' म्हणतात. आपण 'सोबतची पकड' म्हणू. ती टाळायची कशी, आणि सोडलेला मासा खरोखर जगतो का, याचा फार बारकाईने हिशेब झाला आहे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील कोलंबिया नदीवर, सॅमन माशाच्या बाबतीत. म्हणून थोडा वेळ आपल्याला तिकडे नेतो. (आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, त्याचा या माशाशी काही संबंध नाही.)

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत चढतो. पॅसिफिक महासागराकडचे सॅमन एकदाच अंडी घालतात आणि मरतात. चढणीवर मासा मेला की त्याची पुढची पिढीही तिथेच संपली. कोलंबियात सॅमनचे खरे मोठे नुकसान धरणांनी केले. ग्रँड कूली या प्रचंड धरणाला तर मासे चढण्याचा जिनाच नाही, त्यामुळे वरचा सगळा प्रदेश त्यांना बंद झाला. १९९१ मध्ये स्नेक या उपनदीतील एका सॅमनला धोक्यात आलेली जात म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे या खोऱ्यातील सॅमन आणि त्याचा भाऊबंद स्टीलहेड यांचे एकूण १३ गट अशा यादीत गेले.

आता कोळ्यांची अडचण पाहा. तिकडे मत्स्यबीज केंद्रांतून पिले वाढवून नदीत सोडतात. ती मोठी होऊन परत येतात आणि ती धरायला परवानगी असते. पण त्यांच्याच सोबत, त्याच पाण्यातून, त्याच आठवड्यात नदीत जन्मलेले संरक्षित मासेही चढत असतात. दिसायला दोन्ही सारखे. ओळख पटावी म्हणून केंद्रातून सोडताना बहुतेक पिलांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा लहान मांसल पर कापून टाकतात. पर नसलेला मासा ठेवायचा, पर असलेला सोडायचा. नियम सोपा आहे. पण हातात येईपर्यंत मासा जिवंत राहिला पाहिजे ना!

तेथे चालत आलेली रीत म्हणजे कल्लेजाळे. पाण्यात पडद्यासारखे उभे सोडायचे. माशाचे डोके आसात शिरते, धागा कल्ल्याच्या मागे अडकतो, मासा पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. कल्ल्यांची झाकणे हलली नाहीत तर मासा पाण्यात असूनही गुदमरतो. शिवाय धडपडीत अंगावरची बुळबुळीत साय खरवडली जाते. ती साय म्हणजे त्याची कातडी वाचविणारे कवच. ती गेली की बुरशी लागते. म्हणून जाळ्यातून काढून सोडलेला मासा पोहत गेला, एवढ्यावरून तो वाचला असे समजू नये. चिनूक नावाच्या मोठ्या सॅमनच्या वसंतातील मासेमारीत, मोठ्या आसाच्या जाळ्यातून सोडलेल्या शंभर माशांपैकी सुमारे ४० पुढे मरतात असे धरून तिकडचे अधिकारी हिशेब करतात.

मग दुसरा उपाय निघाला. वसंतातल्या या मासेमारीत आस ८ इंचांऐवजी सव्वाचार इंच किंवा त्याहून लहान ठेवायचा. आपल्याला वाटेल, लहान आस म्हणजे अधिक घात. येथे उलटे घडते. डोके आसात शिरतच नाही. मासा तोंडाला, दातांना गुंतून राहतो आणि त्याचे कल्ले मोकळे राहतात. जोडीला जाळे पाण्यात ठेवण्याची वेळ ४५ मिनिटांपर्यंत, आणि होडीवर वाहत्या पाण्याची पेटी. थकलेला मासा आधी त्या पेटीत ठेवायचा, तरतरीत झाला की सोडायचा. या रीतीत मरणारे मासे शंभरात १५ च्या आसपास धरतात. एकच नदी, एकच मासा. फरक धरण्याच्या रीतीचा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोधक वाटते. शंभर वर्षांपूर्वी त्या नदीत लाकडी खुंटांचे मोठे पिंजरे असत. खुंटांवर बारीक आसाचे जाळे ताणून भिंत करायची, भिंतीच्या कडेने मासा आपणहून आत शिरतो आणि शेवटच्या कप्प्यात पाण्यात फिरत राहतो. त्यांत मासे इतके सापडत आणि त्यावरून पिंजरेवाले व जाळेवाले यांच्यात इतके भांडण होई, की १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्याने मतदान घेऊन हे पिंजरे बंद केले. आणि आता, २०१६ पासून, कॅथलामेट गावाजवळ तोच पिंजरा प्रयोग म्हणून पुन्हा उभा राहिला आहे. कारण त्यात मासा कुठे अडकत नाही, फक्त कोंडला जातो. सोडलेल्या माशांच्या अंगात भाताच्या दाण्याएवढी खुणेची चीप बसवून वरच्या धरणांवर ते पोचले का, हे तपासले. २०१७ च्या प्रयोगात स्टीलहेड शंभरात सुमारे ९४ आणि चिनूक ९९ जगल्याचे आढळून आले.

यावरून पिंजरा चांगला आणि जाळे वाईट, असा निष्कर्ष काढून घरी जाऊ नका. याच पिंजऱ्याने पूर्वी नदी उपसली होती. पिंजरा मासा जिवंत ठेवतो एवढेच. त्याला सोडायचे की नाही हे हात ठरवतो. आपला कामट्यांचा सापळा हा त्या पिंजऱ्याचाच धाकटा भाऊ आहे. नीट वापरला तर त्याच्याइतके सुरक्षित साधन आपल्याकडे दुसरे नाही, आणि ओढा पुरता अडवून रात्रभर ठेवला तर त्याच्याइतके घातक नाही.

नीट म्हणजे कसे? ओढा कधीही पूर्ण अडवू नये. निदान तिसरा हिस्सा मोकळा सोडावा, आणि तो खोल पाण्याच्या बाजूचा असावा, कारण मोठी मादी तिथूनच चढते. कामट्यांमधली फट करंगळी सहज जाईल एवढी ठेवावी. बोटभर पिलू तेवढ्यातून निसटते. सापळा साधारण दोनतृतीयांश पाण्यात आणि वरचा भाग पाण्याबाहेर राहील असा बांधावा. मासा पाण्यात श्वास घेतो. पण कासव आणि दिवड यांना वर येऊन हवा घ्यावी लागते. सापळा पूर्ण बुडाला तर ती आत बुडून मरतात. कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे हेही ध्यानात असू द्यावे. पाणी रात्रीत चढते, म्हणून सापळा लावून झोपायला जाऊ नये. अर्ध्या-पाऊण तासाने पाहावा. तेवढे जागणे होणार नसेल तर त्या रात्री तो लावू नये.

मासा निवडताना हात ओले असावेत. कोरड्या हाताने साय निघते. टोपलीत ओतून मग निवडण्यापेक्षा पाणी भरलेल्या घमेल्यात निवडावे. पोट फुगलेली मादी परत सोडावी, आणि ती बांधाच्या वरच्या अंगाला सोडावी. खाली सोडली तर बिचारीला पुन्हा तीच चढण. मरळीच्या बाबतीत आणखी एक सांगतो. खाचरात तांबूस पिलांचा पुंजका एकत्र फिरताना दिसला तर आईबाप जवळपास राखणीला असतात. त्यांना धरले तर अख्खा पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो.

कोयत्याविषयी काय बोलावे? घाव घातल्यावर सोडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि अंधारात मादी कोणती, नर कोणता हे कोयत्याला दिसत नाही. ब्लीचिंग पावडर, विष, सुरुंग आणि विजेची तार हे तर मासे धरण्याचे प्रकारच नव्हेत. त्यांत जे मरते ते सगळेच सोबतची पकड. विष आणि स्फोटके वापरण्यास १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. विजेच्या तारेने माणसेही दगावतात.

गावोगावी बोलताना दोष कातकरी बांधवांवर ढकलला जातो, तोही मला मान्य नाही. दगडाखाली हात घालून दोन वेळच्या कालवणापुरते खेकडे-मासे धरणाऱ्या बाईने ओढा रिकामा होत नाही. तो होतो आडव्या बांधाने आणि पावडरीच्या पिशवीने, आणि ती पिशवी कोणाच्या मोटारसायकलवरून येते हे आपल्याला माहीत असते.

मागील मेळाव्यात एका शेतकरी बंधूंनी विचारले, "सर, मी मादी सोडली तर पुढच्या बांधावरचा तिला धरणारच. मग मी मूर्ख का ठरू?" प्रश्न रास्त आहे. एकट्याने सोडून भागत नाही. म्हणून हे काम ओढ्यावरच्या सर्व वाड्यांनी मिळून करावे लागेल. निदान चढणीच्या पहिल्या तीन रात्री कोणीच सापळा लावू नये, एवढे ठरविणे अवघड नाही. गावच्या कोंडीतले मासे देवाचे म्हणून न धरण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. महाडजवळच्या वाळण कोंडीचे मासे त्यामुळेच टिकले. तीन रात्री देवाच्या नावाने ठेवल्या तरी चालतील, ग्रामसभेच्या ठरावाने ठेवल्या तरी चालतील.

मंडपाबाहेर उजव्या हाताला एक सापळा मांडून ठेवला आहे. आमच्या गावच्या एका वृद्ध कारागिराने तो करंगळीच्या फटीने विणून दिला आहे. जाताना पाहा, माप घ्या, आणि फट कमी-जास्त वाटली तर मला सांगा. तुमच्या ओढ्यातली पिले केवढी असतात हे माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक.