रुग्णाची साक्ष

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी या वर्षी व्याख्यानासाठी आरोग्य हा विषय योजिला आणि त्यावर बोलण्यास आम्हांस पाचारण केले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. आमचा अधिकार म्हणाल तर एवढाच की, आम्ही रुग्ण म्हणून खाटेवर पडलो होतो आणि तेथून जे दिसते ते खाटेशेजारी उभ्या असलेल्यांस सहसा दिसत नाही.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण दिले आहेत. परिचारकाच्या गुणांत उपचारांचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्या जोडीला 'अनुराग' आहे. रोग्याच्या गुणांत स्मृती, आज्ञापालन व निर्भयता यांच्या जोडीला 'ज्ञापकत्व' आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. आता, सांगणे हा ज्या अर्थी रोग्याचा गुण मानला, त्या अर्थी ते ऐकून घेणे हे वैद्याचे व परिचारकाचे कर्तव्य ओघानेच आले. रोगी हा चिकित्सेचा विषय नसून तिचा चौथा पाय आहे. तो मोडला तर उरलेल्या तिहींवर खाट उभी राहत नाही.

आजच्या काळात हे विशेषेकरून सांगावे लागते, कारण यंत्रांवरचा विश्वास वाढला तसा माणसाच्या शब्दावरचा कमी झाला. रक्तदाब मोजता येतो, ताप मोजता येतो. वेदना मोजणारे यंत्र मात्र अद्याप निघालेले नाही. मोठमोठ्या रुग्णालयांतही शून्य ते दहा अशा आकड्यांत वेदना किती, ते रुग्णालाच विचारावे लागते. विदर्भात व नंदुरबारकडील सातपुड्याच्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजाराची कळ असह्य असते, पण अंगावर ना जखम दिसते ना सूज, म्हणून 'औषधाच्या सवयीने आला असेल' असा संशय त्यांच्या वाट्यास येतो. स्त्रियांच्या हृदयविकाराचे तेच. कित्येकदा छातीतील कळेपेक्षा दम लागणे, मळमळ, जबडा व पाठ दुखणे, विलक्षण थकवा ही लक्षणे पुढे असतात, आणि त्यांवर 'पित्त झाले' किंवा 'मनाचे दुखणे' असा शिक्का बसतो. एंडोमेट्रिओसिस नावाच्या विकारात दर महिन्याला प्राणांतिक वेदना होऊनही निदानास वर्षानुवर्षे लागतात. तोवर त्या मुलीस 'नाजूक' म्हणून सोडून दिलेले असते. या सर्वांत औषधाचा अभाव नव्हता. अभाव होता तो विश्वासाचा.

आता थोडे स्वानुभवाचे. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तक्रार भिंतींविषयी नाही. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही दाखल झालो. कमरेत भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. त्या हातांस आम्ही आजही दुवा देतो. दुपारपासून मात्र आम्हांस लघवी होईना. ओटीपोट ताठ झाले. संध्याकाळी सांगितले, रात्री नऊला सांगितले, बाराला पुन्हा सांगितले. उत्तर एकच: "आजोबा, ऑपरेशन झाले म्हणजे दुखणारच. देवाचे नाव घ्या आणि झोपा." पुढे पुढे घंटा दाबली की वॉर्डबॉय दारातूनच हात हलवून जाई. वेदनेपेक्षा हे अधिक लागले. सत्तरी उलटलेल्या माणसास, आपण खोटे बोलत नाही हे शपथेवर सांगण्याची पाळी यावी, याहून मोठी मानहानी कोणती?

सकाळी सात वाजता आमच्या चिरंजीवांनी ज्ञातीतील एका डॉक्टरांस फोन केला आणि त्यांनी तेथल्या वरिष्ठांस. दहा मिनिटांत तीन माणसे खाटेपाशी आली. नळी घातली, आणि एक लिटरहून अधिक लघवी निघाली. भरलेल्या मूत्राशयात साधारण अर्धा लिटर मावते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या रात्रीची कल्पना यावी. अशा शस्त्रक्रियेनंतर वृद्ध पुरुषांस मूत्रावरोध होणे हे नित्याचे आहे. पोटावर हात ठेवला असता तरी तो कळता. पुढे आम्ही आमच्या केसपेपरची प्रत मागून घेतली. त्या रात्रीची नोंद एवढीच होती: 'रुग्ण अस्वस्थ, वारंवार तक्रार करतो.' तक्रार कशाची, हे कोणी लिहिले नव्हते.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, त्या रात्री त्या संपूर्ण वॉर्डात एकच सिस्टर होती आणि ती क्षणभरही बसलेली आम्ही पाहिली नाही. थकलेल्या माणसाचा कान आधी थकतो. जेथे एकीने चौघींचे काम करावे लागते, तेथे अनुराग टिकावा कसा, हा प्रश्न तिला नव्हे, तर तिला नेमणाऱ्यांस विचारला पाहिजे. आणि रागाच्या भरात डॉक्टर-परिचारिकांवर हात उचलणारांविषयी आम्हांस यत्किंचितही सहानुभूती नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे आणि तो असणे योग्यच आहे.

परंतु आमच्या मनात जे घर करून राहिले ते निराळेच. रात्री बाराचे पोट आणि सकाळी सातचे पोट एकच होते. वेदना तीच, शब्द तेच. मध्यंतरी फक्त एक ओळख आली होती. आमच्या शेजारच्या खाटेवर एक शेतमजूर होता. पायाचे बोट काळे पडते आहे, असे तो दोन दिवस सांगत होता. त्याच्याकडे फोन करण्यास कोणी नव्हते. आमच्या खाटेपाशी आलेली ती तीन माणसे त्याच्या खाटेवरून गेली आणि त्याच्या खाटेवरूनच परतली.

बंधुभगिनींनो, ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. अडल्यानडल्यास ओळख काढून देणे हे मंडळाचे एक मोठे कार्य आहे आणि त्याने अनेकांचे प्राण वाचले आहेत. तथापि ओळखीने मिळतो तो उपकार होय, हक्क नव्हे. ज्याचे म्हणणे वशिल्याशिवाय ऐकले जात नाही, त्याचे म्हणणे ऐकलेच जात नाही, असे समजावे.

हक्क मात्र आहेत, आणि ते ज्ञात असावेत. केसपेपर मागितल्यास 72 तासांच्या आत त्याची प्रत द्यावी, असा दंडक भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत आहे. रुग्ण सज्ञान व शुद्धीवर येण्याजोगा असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर त्याच्याऐवजी आप्तांची संमती चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तीत माहितीचा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा व तक्रारीचा हक्क आहे. शुश्रूषागृहांनी अशी सनद दर्शनी भागी लावावी, असा नियम महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये केला. पुढील खेपेस रुग्णालयात गेलात तर ती सनद कोठे आहे, हे अवश्य विचारावे.

यापेक्षाही साधा उपाय आहे. काय होते, केव्हापासून होते, किती वेळा सांगितले व कोणास, हे वेळेसह कागदावर टिपून ठेवावे आणि नम्रपणे म्हणावे, "हे माझ्या केसपेपरात लिहावे." बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, लिहिलेल्या शब्दास उत्तर द्यावे लागते. तेवढ्याने न भागले तर वरिष्ठ डॉक्टरांस बोलाविण्याची मागणी करावी. आणि रुग्णाच्या आप्तांनी एक पथ्य पाळावे: डॉक्टर तुम्हांस विचारू लागले तर म्हणावे, "त्यांनाच विचारा."

एक शब्द घराविषयी. रुग्णालयातील अविश्वासाची शाळा पुष्कळदा घरातच भरते. सुनेचे डोके दुखले की 'सोंग', म्हाताऱ्याचे गुडघे दुखले की 'वयच झाले', मुलीचे पोट दुखले की 'शाळा बुडवायची आहे'. जेथे घरच्या माणसाचा शब्द उंबऱ्यावर अडतो, तेथे परक्या सिस्टरने तो का मानावा? आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलामुलींनी डॉक्टर व परिचारिका होऊन मंडळाचे नाव उज्ज्वल केले आहे. त्यांस एवढीच विनंती की, दुखते म्हणणाऱ्याच्या अंगाला आधी हात लावावा आणि मग मत बनवावे.

मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवितो. सेवानिवृत्त बंधुभगिनींचे एक पथक करावे. आठवड्यातून एकेक रात्र त्यांनी शहरातील सार्वजनिक रुग्णालयात, अधीक्षकांच्या परवानगीने, ज्यांच्यापाशी कोणी नाही अशा रुग्णांजवळ बसावे. उपचारांत ढवळाढवळ करू नये. रुग्ण सांगेल ते ऐकावे, टिपावे आणि सिस्टरच्या हाती द्यावे. त्या खाटेवर कोणत्या ज्ञातीचा माणूस आहे, हे मात्र विचारू नये. ज्या वेदनेला आपली ओळख नाही, तिची ओळख होणे हेच आपल्या संस्थेचे खरे भूषण ठरेल. इच्छुकांनी संमेलन संपताच कार्यवाहांकडे नावे द्यावीत. पहिले नाव आमचे लिहून ठेविले आहे.