एकच कॉपी, बॅकअप नाही

आज बीटल्सच्या आधीच्या बँडबद्दल बोलू. क्वॉरीमेन. लिव्हरपूलच्या क्वॉरी बँक शाळेतल्या पोरांनी १९५६ मध्ये काढलेला, म्हणून हे नाव.

तेव्हा इंग्लंडमध्ये स्किफलची लाट होती, लॉनी डॉनेगनमुळे. स्किफलला वाद्यं फारशी विकत घ्यावी लागत नाहीत. चहाच्या लाकडी खोक्याला दांडा आणि दोरी लावली की झाला बेस. कपडे घासायच्या पत्र्याच्या बोर्डावर ताल. आता अशा मंडळीत ज्याच्याकडे खराखुरा ड्रमसेट आहे, त्याचा भाव काय असेल! तो होता कॉलिन हँटन. शाळेतला नव्हताच तो, खुर्च्या-सोफ्यांचं गादीकाम शिकत होता.

६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी भेटले, ते तुम्हाला माहीत असेल. मला खरा रस आहे तो १९५८ च्या डिस्कमध्ये. पर्सी फिलिप्स यांच्या घरातल्या छोट्या स्टुडिओत पाच जण गेले: जॉन, पॉल, जॉर्ज हॅरिसन, पियानोवर जॉन लो आणि ड्रमवर हँटन. एका बाजूला बडी हॉलीचं गाणं, दुसऱ्या बाजूला स्वतःचं. डिस्क निघाली एकच. आमच्याकडे असं कोणी केलं तर मॅनेजर झोपणार नाही! मग आळीपाळीने ती एकेकाच्या घरी फिरली, आणि लोकडे गेली ती वीसहून जास्त वर्षं तिथेच राहिली.

त्याने परत दिली नाही, असं म्हणता येईल. मला उलट वाटतं. त्याच्याकडे राहिली म्हणून वाचली. आमच्या बीटेकच्या बँडचं एकमेव रेकॉर्डिंगही कीबोर्डवाल्याच्या जुन्या लॅपटॉपवर आहे, आणि प्लेसमेंटनंतर आमचं बोलणं जवळपास बंदच झालंय. हा एपिसोड तो ऐकत असेल तर, भावा, फोन कर.

असो. १९८१ मध्ये पॉलने ती डिस्क लोकडून विकत घेतली. १९९५ मध्ये 'अँथॉलॉजी १' मधून दोन्ही गाणी लोकांपर्यंत आली.

हँटन? एका कार्यक्रमानंतर बसमध्ये भांडण झालं, तो ड्रम घेऊन उतरला तो गेलाच. त्यानंतर १९६० पर्यंत या पोरांना कायमचा ड्रमर मिळाला नाही. १९९७ मध्ये त्या जत्रेला चाळीस वर्षं झाली, तेव्हा जुने क्वॉरीमेन पुन्हा जमले. पन्नाशी उलटलेले सगळे. ड्रमवर हँटनच होता.