अष्टमी : आडनावातले गाव



भाषण करण्याची मला सवय नाही. सारी उमर नर्सच्या नोकरीत गेली. बोलण्यापेक्षा ऐकणेच जास्त झाले. कमिटीने आग्रह केला म्हणून चार शब्द सांगते.

आपली आडनावे म्हणजे कोकणचा नकाशाच. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर. अष्टमी हे रायगड जिल्ह्यातले लहानसे गाव. कुंडलिका नदीच्या एका काठी रोहा, समोरच्या काठी अष्टमी. आजूबाजूला डोंगर आणि भाताची खाचरे. या मुलुखात आपल्या लोकांचे तेलाचे घाणे होते. शब्बाथला घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडले, ते आपणां सर्वांना ठाऊक आहेच.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसेल. कोकणातल्या कितीतरी नद्या उन्हाळ्यात आटतात, पण कुंडलिका वाहत असते. ते पाणी तिचे एकटीचे नव्हे. घाटावर मुळशीला मुळा नदी अडवली आहे. तिचे पाणी एरवी पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे गेले असते. ते पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे आणतात. तिथे १९२७ पासून वीज तयार होते, आणि काम झालेले पाणी कुंडलिकेत येते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले आणि खोऱ्यात उन्हाळी भातही पिकू लागला.

याची किंमत कोणी दिली? मुळशीच्या धरणात गावे बुडाली. सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली १९२१ ते १९२४ या काळात शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, तरी धरण झालेच. त्यांची शेते पाण्याखाली गेली आणि आमच्या खोऱ्याला दुसरे पीक मिळाले.

आपण गाव सोडले ते आपल्या इच्छेने. गाव जागेवर आहे, जाऊन पाहता येते. मुळशीच्या त्या लोकांना ते भाग्य नव्हते.

वॉर्डात मी पाहिले आहे, म्हाताऱ्या पेशंटला काल काय जेवला ते आठवत नाही, पण गावची नदी आठवते. ती आठवण आपल्याबरोबर संपू नये. मालिद्याचे पोहे भिजवताना नातवंडांना जवळ बसवा. आडनावातले गाव कुठे आहे, तिथल्या भाताला पाणी कुठून येते, आणि त्यासाठी कोणाची घरे गेली, हे त्यांना सांगा. ज्यांच्यामुळे पाणी मिळाले त्यांना विसरू नये, एवढेच माझे सांगणे आहे.