भिंतीतलं पितळ
(लखनौतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



भातखंड्यांनी 1926 साली ज्या गावात संगीताचं कॉलेज उभं केलं, तिथे मराठी माणूस बोलायला उठला की तो रागदारीवर बोलणार, असं धरूनच चालतात. मी नळावर बोलणार आहे. (हशा) तेव्हा सरळ लाटूश रोडवरच्या नळांच्या दुकानांत येतो.

दुकानात काय होतं? नवरा-बायको दोन तास नळ निवडतात. निघताना प्लंबर म्हणतो, 'एल्बो-निपल मैं ले आऊँगा.' तुम्ही म्हणता, 'हाँ हाँ, ले आना.' माझं सगळं भांडण या 'ले आना'शी आहे. नळ बिघडला तर अर्ध्या तासात बदलता येतो. टाइलमागचा एल्बो फुटला तर भिंत फोडावी लागते. मग पैसे कुठे घालायचे?

हल्ली पाइप बहुतेक सीपीव्हीसीचे. धातू उरला तो आट्यांपुरता: एल्बोत बसवलेला पितळी तुकडा, टाइलच्या जाडीमुळे लागणारा एक्स्टेन्शन निपल, अँगल कॉक, व्हॉल्व्ह. लबाडी चालते ती इथेच, कारण बाहेरून सगळ्यांना क्रोमचा मुलामा. आत पितळ आहे, जस्ताचं ओतकाम आहे की नुसतं लोखंड? पितळाची घनता साडेआठच्या आसपास, जस्ताच्या ओतकामाची पावणेसातच्या आत. एकाच मापाचे दोन निपल दोन तळव्यांवर ठेवा, हाताला कळतं. तरी शंका आली तर एक विकत घ्या आणि आतल्या कडेवर कानस ओढा. पिवळं दिसलं तर आणखी घ्या, राखाडी दिसलं तर दुकान बदला. लोहचुंबक लोखंड पकडून देतो. पण 'स्टील है साहब' असं म्हणतात ते 304 की 202, हे तो सांगत नाही. दोन्ही सहसा चिकटत नाहीत.

(समोरून: 'साहेब, आमच्या पोटावर पाय देऊ नका!' हशा) अरे हो, पहिल्या रांगेत आमचे दुकानदार मित्र बसलेत. तुमच्यावर नाही हो बोलत. तुम्ही चांगला मालही ठेवता, मागतो कोण?

पितळालाही खोड आहे. त्यातलं जस्त काही पाण्यांत हळूहळू विरघळून जातं. तुकडा आकाराने तसाच राहतो, पण आतून तांबूस आणि सच्छिद्र होतो. म्हणून मुख्य व्हॉल्व्ह गनमेटलचा घ्यावा. त्यात तांब्याबरोबर कथील असतं, जस्त थोडंच.

आता एक गोष्ट, दोन मिनिटांची. (अध्यक्ष घड्याळ बघतात.) इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पितळी. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, दारूगोळा तबेल्यात पडून राही. पावसाळा सरला की काडतुसांना तडे! कोणी हात लावला नव्हता. ऋतूवरून नाव पडलं, सीझन क्रॅकिंग. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये उलगडा केला. काडतूस ओढून घडवताना पितळात ताण राहून जातो, आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ चिरतं. ताण घालवायला काडतूस बेताने तापवलं की झालं. रेल्वेत धातू तपासण्यात माझं आयुष्य गेलं, पण इतका देखणा गुन्ह्याचा तपास दुसरा वाचला नाही.

तुमच्या बाथरूममध्ये घोडा नाही, मान्य. पण आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवून प्लंबर पाइप पान्याला लोंबकळतो, तेव्हा एल्बोतली पातळ पितळी कडी कायमची ताणलेली राहते. वरून अमोनियावालं क्लीनर. कधीतरी रात्री दोन वाजता कडी चिरते. तेव्हा पितळ जाड हवं आणि हात हलका हवा.

चिठ्ठी आली. आरतीला दहा मिनिटं. तर भराभर सांगतो. जीआयचा निपल पितळी व्हॉल्व्हला जोडू नका. पितळाला काही होत नाही, लोखंडाचे आटे सडतात. आटे सहज कापले जावेत म्हणून पितळात दोन-तीन टक्के शिसं घालतात, आणि पिण्याच्या पाण्यात आपल्या मानकाने शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. तेव्हा सकाळचं पहिलं पाणी झाडांना. तांब्याचे पाइप पुढच्या वर्षी, बोलावलंत तर.

एक प्रश्न घेतो. ('काका, बिल्डरने भिंत बंद करूनच फ्लॅट दिला. आता?') आता आधी मुख्य व्हॉल्व्ह फिरतो का बघ, बऱ्याच घरांत तो जाम झालेला असतो. नळ बदलताना निपल दुसऱ्या पान्याने धरायला सांग, म्हणजे पीळ एल्बोवर जात नाही. निपल आत तुटलाच, तर तुकडा काढायची चावी मिळते. कुठे, ते पहिल्या रांगेत विचार. आरतीनंतर.