युरोपचे बूट आधी तुळजापूरच्या रस्त्यावर चालवा

धाराशिववरून बोलतोय. आजचा विषय एकदम पायाजवळचा आहे. युरोपला जाताना बूट कोणते घ्यायचे आणि कपडे कोणते न्यायचे?

आता तुम्ही म्हणाल, आपल्या जिल्ह्यातून युरोपला कोण चाललंय? चाललेत की! कुणी शिकायला, कुणी नोकरीला. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून क्लासमध्ये जर्मन शिकणारी पोरं-पोरी आपल्याकडेही दिसायला लागलीत. माझी मावसबहीण त्यातलीच, नर्स आहे. परवा ती म्हणाली, "दादा, बूट तिथं गेल्यावरच घेऊ का?"

मी म्हणालो, नको. कारण काय, तर सगळ्यात जास्त चालणं पहिल्या पंधरा दिवसांतच होतं. पत्ता नोंदवायचा, बँकेत खातं काढायचं, खोली शोधायची. दारात स्कूटी नसते. बस नाहीतर ट्राम, आणि बाकी सगळं पायी. पहिला पगार अजून हातात आलेला नसतो, घरी कर्जाचा हप्ता चालू असतो. त्यात नवीन बूट चावला आणि टाचेला फोड आला, की उभ्याने ड्यूटी कशी करायची? म्हणून बूट इथूनच घ्यायचे आणि पायाला सवय लावूनच न्यायचे.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. दोन्ही पायांत घाला, कारण बहुतेकांचा एक पाय जरासा मोठा असतो. माप मोठ्या पायाचं धरा. उभं राहून बघा, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. टाच मात्र आत वरखाली सरकता कामा नये. मग बूट हातात घेऊन वाकवा. बोटं जिथे दुमडतात तिथे वाकला तर ठीक, मधोमध पुठ्ठ्यासारखा दुमडला तर ठेवून द्या. आणि हो, "वापरून वापरून सैल होईल" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. कातडं थोडं सैल होतं, लांबी वाढत नाही.

ऑनलाइन घेत असाल तर नंबर नीट बघा. आपल्याकडे यूके नंबर चालतो, तिकडे ईयू. यूके ८ म्हणजे साधारण ईयू ४२, पण कंपनीगणिक फरक पडतो. कागदावर पाऊल ठेवून सेंटिमीटरमध्ये माप घेतलेलं सगळ्यात बरं.

तळवा जरा जाड घ्या. रोम, प्राग अशा शहरांच्या जुन्या भागात रस्ते दगडी आहेत. पातळ तळव्यातून प्रत्येक दगड टोचतो. नळदुर्गच्या किल्ल्यात चप्पल घालून दिवसभर फिरला असाल, तर मी काय म्हणतोय ते तुमच्या पायांना माहितीये.

आता सवय कशी लावायची? आधी घरात तासभर घाला. मग रोज दोन-तीन किलोमीटर. मग एखाद्या रविवारी धाराशिव लेणीपर्यंत जाऊन या, चढ-उतार कळतो. आणि शेवटची परीक्षा म्हणजे आपला तुळजापूरचा रस्ता. धाराशिववरून वीस-बावीस किलोमीटर. आपल्याकडे कोजागरीला सोलापूर-कर्नाटकातून माणसं रात्रभर चालत येतात, त्यामुळे कोणता पाय कुठे सोलतो याची माहिती कुणाही जुन्या चालणाऱ्याला विचारा. पहाटे निघा, समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने चाला. त्या वाटेवर बूट चावला नाही, तर तो कुठेच चावणार नाही.

फोड कशाने येतो? घाम, उष्णता आणि घर्षण. सुती मोजा घाम धरून ओलाच राहतो, म्हणून लांब चालायला लोकरीचे किंवा खेळाडूंचे सिंथेटिक मोजे बरे. कुठे गरम लागायला लागलं की तिथेच थांबा, लगेच चिकटपट्टी लावा. फोड यायची वाट बघू नका.

घरात कुणाला शुगर असेल आणि ते सोबत येत असतील, तर रोज रात्री त्यांचे तळवे तुम्ही स्वतः बघा. शुगरमध्ये पायाची संवेदना कमी होऊ शकते, जखम झालेली कळतच नाही. तुळजापूरला अनवाणी चालणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. श्रद्धेला माझा नमस्कार, पण आधी डॉक्टरांना विचारा.

आता कपडे. आपल्याकडे ऑक्टोबर हीटने घामाच्या धारा, तेव्हा पॅरिसला दुपारी साधारण पंधरा-सोळा डिग्री. पण एकच जाडजूड स्वेटर नेऊ नका. बाहेर गारठा, आत दुकानात नि ट्रेनमध्ये हीटर. म्हणून थर करा: अंगाला घाम न धरणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीस किंवा पातळ लोकरीचं, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. गरम झालं की एक काढा. जीन्स एकच ठेवा, भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. एक ओढणी किंवा स्टोल असू द्या. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे-गुडघे झाकलेले लागतात. आणि आईने कितीही आग्रह केला तरी सोलापुरी चादर घरीच ठेवा, बॅगेचं वजन तिच्यातच संपतं!

सगळ्यात वजनदार बूट पायात घालूनच विमानात बसा, बॅग हलकी होते. मावसबहिणीने बूट घेतलेत. सध्या ती रोज संध्याकाळी क्लासला चालत जाते, शब्द पाठ करत. तुमचंही जायचं ठरलं असेल तर निघायच्या दोन महिने आधी बूट घ्या आणि चालायला लागा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पायांचीसुद्धा.