तलाव कोणाच्या विरंगुळ्यासाठी?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कालपासून आपण पोटगी, रेशनकार्ड, घरातली मारहाण यांवर बोलतो आहोत आणि आता विषय काय, तर तलावावर फिरायला जाणं! मघाशी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आमच्या नळाला पाणी नाही आणि ही बाई बोटिंगचं बोलणार." मी तिथूनच सुरुवात करते, कारण नळ, तलाव आणि बोट या तिन्हींचा एकमेकींशी संबंध आहे.

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, येऊरच्या पायथ्याचं उपवन, कचराळी, आणि वस्त्यांच्या पोटात दडलेले कितीतरी लहान तलाव. कल्याणात काळा तलाव आहे, त्यालाच भगवा तलावही म्हणतात. डोंबिवलीत पाय मोकळे करायचे म्हणजे फडके रोड.

संध्याकाळी तलावपाळीवर जा आणि नुसतं बघत बसा. गडकरी रंगायतन आणि कोपिनेश्वराचं देऊळ जवळच, भेळेच्या गाड्या, दिव्यांनी सजवलेल्या घोडागाड्या. कठड्यावर एकटा बसलेला पुरुष कितीतरी वेळ बसतो. त्याला कुणी विचारत नाही. एकटी बसलेली बाई शोधा. सापडली तर तिच्या हातात पिशवी असते, कडेवर मूल असतं, नाहीतर देवळाची फुलं असतात. काहीतरी निमित्त लागतंच. 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या स्त्रियांवरचं पुस्तक 2011 साली आलं, त्यात तिघी अभ्यासक स्त्रियांनी नेमकं हेच मांडलं आहे: बाईला सार्वजनिक जागी असण्यासाठी कारण दाखवावं लागतं. आपल्या बायकांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. वस्तीतल्या एका मावशींना मी विचारलं, तुम्ही तलावावर का जाता? त्या म्हणाल्या, "कपडे धुवायला." आणि बसायला? "कपडे वाळेपर्यंत."

बघा, तिचा विरंगुळा कामाच्या पोटात लपलेला होता. चार जणी एकत्र, पाय पाण्यात, सासूच्या कानापासून दूर. कुणाच्या नवऱ्याने काल काय केलं ते तिथे कळायचं. आमच्या संस्थेकडे आलेल्या मारहाणीच्या दोन-तीन तक्रारी तर त्या पायऱ्यांवरूनच आल्या.

मग तलावाचं सुशोभीकरण झालं. तलावाचं नाव मी घेत नाही, कारण असं अनेक ठिकाणी झालं आहे. जाळी लागली, फरश्या बसल्या, रंगीत दिवे आले, कारंजं आलं. पायऱ्यांचं तोंड बंद झालं आणि पाटी लागली: कपडे धुण्यास सक्त मनाई. बायका गेल्या. पाणीकपातीच्या दिवशी त्या आता शेजारच्या इमारतीच्या टाकीच्या गळतीवर बादल्या लावतात.

तुम्ही म्हणाल, साबणाने पाणी खराब होतंच की. होतं. ते झाकून मला बोलायचं नाही. साबणाच्या पावडरीतला फॉस्फरस शेवाळाचं खत असतो. पण एक गाठोडं कपडे आणि चोवीस तास वाहणारा गटाराचा नळ यांत काही फरक आहे की नाही? सांडपाणी, निर्माल्य, माशांना पुण्य म्हणून टाकलेले पाव आणि पोळ्या, हे सगळं पाण्यात कुजतं. शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं. दिवसा ऊन असतं तोवर हे शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेही श्वास घेतं, मासेही घेतात आणि कुजवणारे जंतूही. पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू तळाला जातो. म्हणून मासे मरतात ते पहाटे. संध्याकाळी फिरणाऱ्यांना ते दिसत नाहीत. दिसतात ते सकाळी सहाला झाडू घेऊन येणाऱ्या सफाई कामगार बाईला. ती ते पाटीत भरते, आठपर्यंत तलाव पुन्हा देखणा होतो. तिच्या हातात मोजे आहेत का, हे आपण कधी विचारलं आहे?

पाणी चांगलं की वाईट, हे ठरवायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एक कोष्टक आहे. कोणत्या वापराला कसं पाणी लागतं, ते त्यात दिलं आहे. उघड्यावर आंघोळ करायची असेल तर 100 मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू 500 पेक्षा जास्त नकोत, लिटरमागे विरघळलेला प्राणवायू निदान 5 मिलिग्रॅम हवा आणि बीओडी, म्हणजे कुजणाऱ्या घाणीला लागणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पिण्याच्या पाण्याचे वर्ग आहेत, माशांचा आहे, शेती आणि कारखान्यांचाही आहे. मी ते कोष्टक दोनदा वाचलं. कपडे धुणं त्यात नाही. भांडी घासणंही नाही. ज्या कामासाठी या देशातली बाई रोज पाण्याशी जाते, त्या कामाला तिथे रकानाच नाही. नियम करणाऱ्यांनी वाईट हेतूने गाळलं असेल असं मी म्हणत नाही. त्यांना ते सुचलं नाही, एवढंच. पण रकाना नाही म्हणजे वापर नाही, आणि वापर नाही म्हणजे ती बाई अतिक्रमण करणारी ठरते.

तळ्याच्या पाण्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महाडची नगरपालिका 1924 सालीच चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव करून बसली होती. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चालत गेली आणि ओंजळ भरली, आणि त्यानंतरही न्यायालयातली लढाई 1937 पर्यंत चालली. आजची जाळी जातीचं नाव घेत नाही. पण सुशोभीकरणानंतर तलावावरून कोणत्या वस्तीतल्या बाया हटल्या, हे एकदा नकाशा घेऊन बघा.

आता उपवनचं घ्या. येऊरचा डोंगर मागे, समोर पाणी, तरुण मुलामुलींची गर्दी. छठपूजेला तिथे उत्तर भारतीय बायका मावळत्या सूर्याला आणि दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायला पाण्यात उभ्या राहतात. उपास केलेल्या, कमरेपर्यंत पाण्यात, पहाटेच्या गारठ्यात. कोष्टकाच्या भाषेत बोलायचं तर ही सरळ आंघोळीच्या वर्गाची गोष्ट झाली. छठच्या आधी मंडप लागतात, शुभेच्छांचे फलक लागतात, दिवे लागतात. पण या आठवड्यात पाणी तपासलं आणि त्यात इतके जंतू निघाले, असा एक साधा फलक मराठीत आणि हिंदीत लावायला किती खर्च येतो? गणपतीसाठी कृत्रिम तलाव झाले, लोकांनी ते हळूहळू स्वीकारले, निर्माल्य वेगळं गोळा करून त्याचं खत होऊ लागलं. म्हणजे मनात आलं तर होतं.

राहिलं स्वच्छतागृह. बोटीत बसायला तिकीट आहे, खायला दहा गाड्या आहेत, पण बाईने दोन तास बसायचं तर जायचं कुठे? म्हणून ती घरून पाणी न पिता निघते आणि तासाभरात परतते. बायकांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहं असावीत म्हणून 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने याचिका केली होती. तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2015 च्या डिसेंबरमध्ये निकाल दिला. महापालिकांवर ही जबाबदारी आहे, असा. आपल्या अर्जांना तो निकाल जोडत जा.

आता कामाचं. महापालिकेच्या आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपर्यंत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा, असं महापालिका अधिनियमात आहे. ठाण्याचा वेगळा, कल्याण-डोंबिवलीचा वेगळा. तो मागा. मिळाला नाही तर 2005 च्या माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करा. आपल्या वस्तीजवळच्या तलावाचे आकडे शोधा आणि मघाचे तीन आकडे शेजारी लिहा: 500, 5 आणि 3. नमुना कोणत्या महिन्यात, किती वाजता घेतला, हेही विचारा. दुपारच्या उन्हातला नमुना आणि पहाटेचा नमुना एकच गोष्ट सांगत नाहीत. तलावात उघडणाऱ्या गटारांची यादी मागा. सुशोभीकरणाच्या खर्चात दिव्यांना किती, सांडपाणी वळवायला किती, स्वच्छतागृहाला किती, हे तीन आकडे वेगवेगळे मागा.

पुढचा नवा आराखडा होईल तेव्हा एक मागणी आपली असू द्या: तलावाच्या पाण्याला हात न लावता, पण तलावाच्या काठावरच, नळ आणि निचरा असलेला धुण्याचा घाट. सांडपाणी गटारवाहिनीत जाईल, तलावात नाही. चार दगडी ओटे, वर पत्रा, आणि बसायला एक बाक. बाक यादीत लिहायला विसरू नका, ते लोक सगळ्यात आधी बाकच गाळतात.

जेवणानंतर गट पाडायचे आहेत. तलावपाळी, उपवन आणि काळा तलाव यांच्या जवळ राहणाऱ्या जणी माझ्याकडे या, अर्जाचे नमुने मी झेरॉक्स करून आणले आहेत. बाकीच्यांनी आपल्या तलावाचं नाव फळ्यावर लिहा.