श्रमदानाने वाचलेली आगगाडी



आगगाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. पुष्कळांनी तिच्यात बसून पंढरपूर गाठले असेल, मुंबईही पाहिली असेल. पण गाडी बंद पडू नये म्हणून लोक स्वखुशीने फावडी घेऊन रुळांवर राबले, असे कधी ऐकले आहे का? विलायतेत तसे खरोखर घडले. तीच हकिकत आज आपण पाहू.

इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे पाऊस फार. तिथल्या डोंगरांत पाटीचा दगड निघतो. आपण ज्या दगडी पाटीवर अक्षरे गिरवली, त्याच जातीचा हा दगड. त्याचे पातळ थर सुटतात. तिकडे घरांच्या छपरांवर कौलांच्या जागी तेच घालतात.

हा दगड डोंगरातून समुद्रकाठच्या टाउइन गावी आणायचा होता. त्यासाठी १८६५ च्या सुमारास एक लहान रेल्वे बांधली. तिचे नाव टॅलिलिन. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे सव्वादोन फूट. आपली माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते. तेव्हा ही तिची थोरली बहीणच म्हणा ना! रेल्वेकडे दोन इंजिने होती. एक टॅलिलिन, दुसरे डोलगॉख.

वाफेचे इंजिन चालते कसे? भात शिजताना वाफ पातेल्यावरचे झाकण उचलते, हे आपण घरोघरी पाहतो. इंजिनात कोळशाची भट्टी असते. तिच्यावर बॉयलरमधले पाणी उकळते. त्याची वाफ कोंडून धरली की तिला मोठे बळ येते. ती वाफ नळकांड्यातला दट्ट्या पुढे-मागे ढकलते. दट्ट्याला दांडा जोडलेला असतो. दांड्याने चाक फिरते. पण बॉयलरचा पत्रा झिजला, तर हीच वाफ जीव घेते. म्हणून जुने इंजिन नुसते रंगवून भागत नाही. त्याची वरचेवर तपासणी करावी लागते.

१९११ साली खाण आणि रेल्वे हेडन जोन्स नावाच्या गृहस्थांनी विकत घेतली. पुढे ते ‘सर’ झाले. १९४६ च्या अखेरीस खाणीचा काही भाग कोसळला आणि खाण बंद पडली. मग गाडीला माल कुठला? पण आपण आहोत तोवर गाडी चालेल, असा सर हेडन यांचा शब्द होता. तो त्यांनी पाळला. उन्हाळ्यात थोडे उतारू घेऊन गाडी चालतच राहिली. १९५० च्या जुलैत सर हेडन वारले. आता काय होणार? रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजले होते. रूळ गवतात बुडाले होते. टॅलिलिन इंजिन थकून बाजूला पडले होते. रूळ उखडून भंगारात विकावे, एवढेच उरले होते.

तेव्हा टॉम रोल्ट नावाचे एक लेखक पुढे आले. यंत्रांचे काम ते शिकलेले होते. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅम शहरात सभा भरली. सुमारे ७० माणसे आली. सभेतून मंडळ उभे राहिले. वर्गणी गोळा झाली. सुटीच्या दिवशी लोक दूरदूरहून येऊ लागले. त्यांनी गवत कापले, स्लीपर बदलले, खडी भरली. १४ मे १९५१ रोजी गाडी सुटली. त्या दिवशी ती सुमारे दोन मैलच गेली. पण गेली!

अडचणी मात्र संपल्या नाहीत. शेजारची एक तशीच रेल्वे १९४८ साली बंद पडली होती. तिची दोन इंजिने यांनी विकत आणली. त्यांतले एक सारखे रुळांवरून घसरे, कारण जुने रूळ फाकले होते. दुसऱ्याला दुरुस्ती हवी होती. त्या हंगामाचा जवळजवळ सगळा भार ८५ वर्षांच्या डोलगॉखने ओढला. ते बसले असते, तर सगळे बसले असते. आणलेल्या इंजिनांना मंडळाने नावे दिली. एकाला सर हेडन यांचे, दुसऱ्याला रेल्वेच्या जुन्या व्यवस्थापकाचे. १९५८ साली दुरुस्त होऊन टॅलिलिन इंजिनही परत धावू लागले. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. पुढे तिचे पाहून अनेक जुन्या रेल्वे लोकांनी वाचवल्या. २०२१ साली युनेस्कोने तिथल्या पाटीच्या दगडाच्या मुलखाला जागतिक वारसा म्हटले. त्यात ही रेल्वेही आली.

कोणी म्हणेल, जुन्या लोखंडाचा एवढा सोस कशाला? प्रश्न बरोबर आहे. जुने ते सगळेच ठेवण्याजोगे नसते. पण या गाडीने खाणीतल्या माणसांचे कष्ट ओढले होते. ती मोडली असती, तर तो इतिहास पुसला गेला असता. आज ती पाहायला, तिच्यातून डोंगरदऱ्या न्याहाळायला लोक येतात. त्यावर गावातल्या चार घरांची चूलही पेटते.

आणि एक लक्षात घ्या. नुसत्या हौसेने गाडी चालली नाही. हिशेब लिहिला गेला. कामे वाटून दिली गेली. जाणत्या कारागिराचे ऐकले गेले. म्हणून काम टिकले.

तुमच्या गावातही एखादी जुनी बारव असेल, घाट असेल, धर्मशाळा असेल. कोणी दुसरा येऊन ती नीट करील, म्हणून वाट पाहू नका. एक वही घ्या. वस्तूचे नाव लिहा. कोण किती दिवस राबणार, ते खाली लिहा. आता लिहिणे तुमच्या हातात आहे.